चौदाव्या मजल्यावरची शांतता

किल्लीताई खोटं बोलत नसत. त्यांना ओळखणारा कुणीही हे छातीवर हात ठेवून सांगेल. देवापुढे हात जोडल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी बाई, आणि पोटापाण्याचा धंदा मात्र लोकांना भाड्याच्या जागा दाखवायचा. त्या धंद्यात खोटं न बोलता इतकी वर्षं काढायची म्हणजे पाण्यात उभं राहून पदर कोरडा ठेवण्यासारखंच. ताईंनी तो ठेवला होता. कसा, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्याचं असं होतं. गिऱ्हाइकाने विचारलं, "भिंतीला ओल येते का हो?" तर ताई म्हणत, "हात लावून बघा ना." आणि ज्या भिंतीशी त्या उभ्या असत ती कोरडीच असे. कुणी म्हणालं, "शेजार कसा आहे?" तर म्हणत, "तुम्हीच बघा, आहे का काही गडबड?" आणि भांडकुदळ शेजारी कामावर गेलेला असतानाच जागा दाखवायची वेळ ठरलेली असे. तोंडातून खोटा शब्द गेला नाही की ताईंचं मन स्वच्छ. रात्री पाठ टेकली की झोप लागायची.

नवरा गेला तेव्हा त्यांच्या पदरात काही नव्हतं. गल्लीतल्या दलालाने विश्वासू म्हणून किल्ल्या सांभाळायला दिल्या, आणि कमरेचा जुडगा वाजवत ही बाई हळूहळू दलालापेक्षा बरी जागा दाखवायला लागली. नाव पडलं किल्लीताई. घरी नणंद होती, लग्न न केलेली, गुडघ्यांनी जखडलेली. दोघींचं एकमेकींशिवाय पान हलत नसे आणि एकमेकींना टोमणा मारल्याशिवाय दिवसही उजाडत नसे.

"आज कुणाला टोपी घालायची आहे, वहिनी?" नणंद त्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली.

"मी कुणाला टोपी घालत नाही, वन्सं. मी नुसती पुढे करते. डोकं त्यांचं त्यांनी घालायचं."

"देवाला पण असंच सांगता का?"

ताई हसल्या, पण चहा अर्धाच टाकून उठल्या. 

शहराच्या मधोमध, ऐन बाजारपेठेत, चौदा मजल्यांची एक दगडी इमारत होती. कोणे एके काळी ती विमा कंपनीची होती. मग कंपनी बुडाली, खिडक्यांना फळ्या लागल्या, आणि बरीच वर्षं तिथे फक्त कबुतरांचा संसार होता. नव्या मालकाने ती घेतली आणि आतून-बाहेरून नवी केली. काळा पडलेला दगड धुऊन पिवळा काढला, पितळी दारं घासली, फरशीची नक्षी तुकडा तुकडा जोडून बसवली, नवी वायर, नवे नळ. मग एकेक मजला ऑफिसांना भाड्याने द्यायला ताईंना बोलावलं. ताईंनी वर्षभरात तेरा मजले भरले. वकील आले, नकाशे काढणारे आले, चष्म्याच्या काचांचा व्यापारी आला. सगळ्यांचे करार एकेका वर्षाचे.

राहिला होता फक्त चौदावा, सगळ्यात उंच आणि सगळ्यात देखणा. तिथून नदीपर्यंत दिसायचं. येणारा खिडकीशी जाऊन "वा" म्हणायचा आणि तेवढ्यात डोक्यावर घरघर सुरू व्हायची. छपरात, चौदाव्याच्या अगदी माथ्यावर, लिफ्टची जुनी मोटर होती. लिफ्ट हलली की छत गुरगुरायचं, काचा थरथरायच्या, टेबलावरचा पेलासुद्धा सरकायचा. मोटर बदलायची सोय नव्हती. जुन्या इमारती जपणाऱ्या समितीने अट घातली होती, लिफ्ट, तिची जाळी आणि तिचं यंत्र आहे तसंच राहील. दुसऱ्या लिफ्टची जागा अजून फळ्या ठोकून बंद होती.

मालकाने आठवड्यापूर्वी ताईंना बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. "हॉटेलवाले अख्खी इमारत मागतायत. पुढच्या शनिवारी मला उत्तर द्यायचंय. चौदावा गेला तर इमारत ऑफिसांचीच ठेवतो, सगळ्यांचे करार पुढे चालू. नाही गेला, तर वर्ष संपलं की सगळ्यांना रामराम. तुम्हालासुद्धा."

म्हणजे एका मजल्यावर चौदा मजल्यांचा जीव टांगलेला. आणि आज चौदावा बघायला येणार होती एक डॉक्टरीण, लहान मुलांचे कान तपासणारी. तिची पहिली अट होती, जागा शांत पाहिजे.

ताईंकडे त्यावर तोड होती. लिफ्टला जाळीचं दार होतं, हाताने ओढून लावायचं. ते उघडं राहिलं की लिफ्ट जागची हलत नसे. गिऱ्हाईक वर आणायचं, लिफ्टमामांनी लिफ्ट चौदाव्यावरच ठेवायची, जाळी उघडी ठेवायची आणि दारात उभं राहायचं. मोटर गप्प. तरी आजवर कुणी भाडं ऐकून, कुणी दुसऱ्यांदा येऊन घरघर ऐकून मागे फिरलं होतं. मामा पन्नास वर्षांचे, मिशी पांढरी, जीभ तिखट. त्यांनी या प्रकाराला नाव ठेवलं होतं, "लिफ्टचा उपास."

"देवाधर्माची थट्टा नको, मामा," ताई म्हणत.

"थट्टा कुठे? माणूस उपास करतो तेव्हा पोट गुरगुरतं. आपली लिफ्ट उपास करते तेव्हा गुरगुरायची थांबते. जास्त पुण्यवान आहे ती."

उपासाच्या आधी ताई स्वतः मजल्या-मजल्यावर जाऊन सांगून येत, "जरा वेळ लिफ्ट बंद राहील हं." बाकीच्यांना निरोप दिला तरी चाले. पण नवव्या मजल्यावर त्या कधी चुकत नसत. तिथे दातकाका होते. कवळ्या बनवायचे. ताईंनी या इमारतीत आणलेलं पहिलं माणूस. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, जिना चढायला सक्त मनाई. जागा घेताना त्यांची सून म्हणाली होती, "नववा मजला फार होतो हो." तेव्हा ताईंनी सांगितलं होतं, "एक पायरी चढावी लागणार नाही त्यांना. माझा शब्द." आणि तो शब्द त्यांनी पाळला होता. उपास असला की त्या काकांच्या दारात जाऊन उभ्या राहत. काका चाकावर कवळी घासता घासता मान वर न करता म्हणत, "कळलं, कळलं. आज आम्हीही कैदेत."

त्या दिवशी ताई नवव्यावर गेल्या तर दाराला कुलूप. शेजारच्या नकाशेवाल्याने सांगितलं, काका तपासणीला इस्पितळात गेलेत. तपासणीचा दिवस म्हणजे काका संध्याकाळीच येत. मोबाइल ते बाळगत नसत. ताईंना उलट हायसं वाटलं, एक काळजी कमी झाली. खाली बसून राहणारा चौकीदारही बँकेच्या कामाला गेला होता, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांचं सगळं चित्त चौदाव्यावर होतं.

डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. बारीक चणीच्या, हातात एक छोटी पेटी. लिफ्टमधून वर जाताना नवव्यावर एक म्हातारी उतरली, तोंडाला पदर लावलेला. कवळी बसवून घ्यायला आली होती. "बसते मी दाराशी," ती पुटपुटली, "ते येतो म्हणालेत लवकर." ताईंनी ते ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं झालं.

चौदाव्यावर पोचल्यावर मामांनी जाळी उघडली आणि उघडीच ठेवली. मोटर थांबली. बाई खिडकीशी गेल्या, "वा" म्हणाल्या नाहीत. त्यांनी पेटी उघडली, हाताएवढं एक यंत्र काढलं, खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवलं.

"याला थोडा वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "तोवर कुणी बोलू नका. इथे एरवीही इतकंच शांत असतं?"

"ऐका ना तुम्हीच," ताई म्हणाल्या.

यंत्रावरचा काटा खाली खाली गेला आणि थरथरत थांबला. बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बरं वाटल्याची खूण दिसली. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मनातल्या मनात त्यांचं नामस्मरण चालू होतं आणि त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात शनिवार मोजला जात होता.

तेवढ्यात लिफ्टमधली घंटी वाजली.

खालून कुणीतरी बटण दाबलं होतं. छोटीशीच घंटी, पण त्या शांततेत ती कानात खिळा ठोकल्यासारखी वाजली. काटा उडाला. बाईंनी मान वर केली.

"कुणी बोलावतंय का?"

"थांबतील ते," ताई म्हणाल्या.

पुन्हा वाजली. या खेपेला तुटक तुटक, तीनदा. मामांनी दारातून ताईंकडे पाहिलं. अशी घंटी इमारतीत एकच माणूस वाजवायचं. काठीच्या मुठीने टकटक केल्यासारखी. मामांनी भुवया वर केल्या, हात जाळीकडे नेला. ताईंनी मान हलवली. नाही.

काका लवकर आले होते. पण खाली बाक आहे की, ताईंनी स्वतःला समजावलं. बसतील. शहाणं माणूस आहे. काटा पुन्हा खाली येत होता. आणखी थोडं. एवढं झालं की चौदावा गेला, आणि काकांचीही जागा राहिली, सगळ्यांचीच राहिली. त्यांच्यासाठीच तर हे चाललंय.

घंटी तिसऱ्यांदा वाजली, लांबलचक, वैतागलेली. मग बंद झाली.

बंद झाल्यावर ताई चपापल्या. वाजत होती तोवर काका खाली होते. आता वाजत नव्हती. आणि नवव्या मजल्यावर दाराशी एक म्हातारी त्यांची वाट बघत बसली होती. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणं काकांना कधी जमलं नव्हतं. "तोंडात दात नसलेलं माणूस जगापासून तोंड लपवतं, त्याला थांबवायचं नसतं," असं ते म्हणायचे.

बाक. बाक कुठे होता? पॉलिशला गेलाय. परवाच ताईंनी सही करून पाठवला होता.

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. ताईंना मात्र पायऱ्या ऐकू येत होत्या, ज्या तिथून ऐकू येणं शक्य नव्हतं. एक पाय. काठी. दुसरा पाय. श्वास. एवढ्यात पहिला मजला झाला असेल. एवढ्यात दुसरा. यंत्राचा काटा अगदी तळाला टेकला होता. बाई त्याच्याकडे बघत हळूच मान डोलवत होत्या. अजून जरासं. देवा, अजून जरासं.

देव काही बोलला नाही. ताईंना त्या क्षणी कळलं की आपण त्याच्याकडे काय मागतोय.

"मामा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "जाळी ओढा. खाली चला. एकेका मजल्यावर थांबत."

"अहो, माझं माप…" बाई म्हणाल्या.

ताई लिफ्टमध्ये शिरल्या होत्या. मामांनी जाळी खाडकन ओढली. डोक्यावर मोटरने घरघर सुरू केली, काचा थरथरल्या, स्टुलावरचं यंत्र नाचायला लागलं. जाळीआडून ताईंना बाईंचा चेहरा दिसला, छताकडे वर उचललेला. मग मजला वर निघून गेला.

तेरावा, बारावा, अकरावा, दहावा. नवव्यावर म्हातारी एकटीच. आठवा. सातवा. प्रत्येक मजल्यावर मामा जाळी उघडत आणि ताई जिन्याकडे धावत. सहाव्यावर कुणी नाही. पाचव्याच्या खाली, जिन्याच्या वळणावर काका होते. पायरीवर बसलेले, कठड्याला डोकं टेकलेलं, ओठ निळसर. काठी खाली घरंगळून गेली होती.

"काका."

काकांनी डोळे उघडले. बोलायला त्यांना एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "उपास… होता का?"

ताई त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"मला… सांगितलं नाहीस."

वरून पावलं धडधडत आली. डॉक्टरीणबाई जिन्याने उतरत आल्या होत्या. त्या कानांच्या डॉक्टर, पण नाडी सगळ्यांनाच बघता येते. त्यांनी काकांची कॉलर सैल केली, खिशातली गोळी शोधून जिभेखाली ठेवली, मामांना रुग्णवाहिकेला फोन करायला लावला. सगळं झाल्यावर, काकांचं मनगट न सोडता, त्यांनी ताईंकडे पाहिलं.

"उपास म्हणजे काय?"

मामा जमिनीकडे बघायला लागले. ताईंना सवयीने तोंडात आलेलं उत्तर होतं, "तुम्हाला काय वाटतं?" ते त्यांनी गिळलं.

"तुम्ही असेपर्यंत लिफ्ट बंद ठेवली होती. ती चालली की वर आवाज येतो. आत्ता ऐकलात तेवढा. रोज येतो, दिवसभर येतो."

बाईंनी काकांची नाडी पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाल्या, "माझ्याकडे येणारी पोरं दोन-दोन, तीन-तीन वर्षांची असतात. ऐकू आलं की नाही, ते सांगता येत नाही त्यांना. ती बिचारी नुसती बघत राहतात. म्हणून मला खोलीवर विश्वास ठेवावा लागतो. खोली खोटं बोलली, तर मी त्या पोराच्या आईला खोटं सांगते."

ताईंनी हा विचार केला नव्हता. भिंतीच्या ओलीने फार तर कपाट कुजतं, असंच त्यांना आजवर वाटत आलं होतं.

काका वाचले. पण चार-पाच दिवस कुणालाही खात्री नव्हती. ताई रोज इस्पितळात जात आणि बाहेरच्या खुर्चीवर बसत. तिसऱ्या दिवशी सून बाहेर आली.

"तुमच्या शब्दावर नववा मजला घेतला होता आम्ही," ती म्हणाली. भांडली नाही, रडली नाही. "उद्यापासून येऊ नका. त्यांना कळलं की तुम्ही बाहेर आहात, तर ते उठून बसतात."

शनिवारी ताई मालकापुढे उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं. लिफ्टचा उपास, वर्षभरात किती जणांना असंच वर नेलं, डॉक्टरीण, काका. मालक शांतपणे ऐकत होता. त्याच्या तोंडावर नवल दिसेना, तेव्हा ताईच गोंधळल्या.

"मला माहीत नव्हतं काय?" तो म्हणाला. "मोटर माझी आहे, ताई. अहो, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. बाकीचे दलाल सरळ खोटं बोलतात, पुढे कोर्टात अडकतात. तुमच्याबद्दल सगळे सांगत होते, बाई खोटं बोलत नाही आणि तरी जागा जाते. असं माणूस कुठे मिळतं?"

ताईंना कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आयुष्यभर ज्याला आपण पुण्य समजून जपलं, त्याची किंमत या माणसाने पहिल्याच दिवशी ओळखली होती.

"पुढच्या गिऱ्हाइकाला मी लिफ्ट चालू ठेवून दाखवणार," त्या म्हणाल्या.

"मग जाणार नाही."

"नाही जाणार."

"पुढचं गिऱ्हाईकच नाही, ताई," मालक म्हणाला आणि त्याने फोन उचलला. हॉटेलवाल्यांना तो त्यांच्यासमोरच हो म्हणाला.

घरी आल्यावर त्यांनी नणंदेला सांगितलं. नणंद टोमणा मारेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. नणंदेने ताट वाढलं आणि समोर बसली. "जेवा," एवढंच म्हणाली. ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

वर्ष संपेपर्यंत इमारत रिकामी होत गेली. ताईंना पगार नव्हता, तरी त्या रोज बाहेर पडत होत्या. ज्यांना ज्यांना त्यांनी इथे आणलं होतं त्यांच्यासाठी दुसरीकडे जागा शोधत होत्या. वकिलांना मिळाली, नकाशेवाल्याला मिळाली. चष्म्याच्या काचावाल्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं, त्याने स्वतःच शोधली. मामांना एका इस्पितळाच्या लिफ्टवर काम मिळालं. तिथे लिफ्ट कुणासाठीही थांबवत नाहीत, असं त्यांनी ताईंना मुद्दाम येऊन सांगितलं. विनोद म्हणून सांगितलं होतं, पण दोघंही हसली नाहीत.

सगळ्यात शेवटी एक जागा ताईंनी दातकाकांसाठी पाहिली. मागच्या रस्त्यावर, तळमजल्याला, एक पायरीसुद्धा नाही. त्यांनी सुनेला निरोप पाठवला. येतील असं वाटलं नव्हतं. पण एका दुपारी काका आले, सुनेचा हात धरून. बारीक झाले होते. ताईंशी ते बोलले नाहीत, सुनेशीच बोलत होते. "विचार तिला, पाणी कसं आहे."

"सकाळी येतं," ताई म्हणाल्या. "दुपारनंतर जातं. टाकी लहान आहे. आणि आधी मोरी बघून घ्या, काका, ती तुंबते. मी काल बादली ओतून पाहिली, निम्मं पाणी तसंच राहिलं."

सून थबकली. तिने काकांकडे पाहिलं.

"आणखी?" काका पहिल्यांदाच सरळ ताईंना म्हणाले.

"दुपारी ऊन थेट आत येतं, पडदा लागेल. शेजारी पत्रे ठोकणारा आहे. आज त्याची सुट्टी आहे, म्हणून शांत वाटतंय. उद्या सकाळी या, तो ठोकत असताना, आणि मग ठरवा."

काका खुर्चीवर टेकले. काठीच्या मुठीने भिंत ठोकून पाहिली. सून घड्याळ बघायला लागली.

"उद्या येतो," शेवटी ते म्हणाले. "पत्रेवाल्याला सांगू नकोस की आम्ही येणार आहोत."

"नाही सांगणार," ताई म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी दाराला कुलूप लावलं. किल्ली त्यांनी काकांना दिली नव्हती. काकांनी मागितलीही नव्हती. उद्याची सकाळ अजून व्हायची होती.